१५४१ ड्राइव्ह, आठ महिन्यांनंतर: ठकठक, लाल दिवा आणि ते दोन स्क्रू

आधीच सांगतो, अलाइनमेंटच्या, म्हणजे डिस्क वाचणारे हेड डिस्कवरच्या गोल ट्रॅकवर नेमके बसवण्याच्या, त्या दोन स्क्रूंना हात लावू नका. निदान आज तरी नको. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह वाचेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "हेड सरकलं असणार." आठ महिन्यांच्या रोजच्या वापरात या ड्राइव्हने जेवढे नखरे केले, त्यातल्या एकाचेही मूळ सरकलेल्या हेडात निघाले नाही. तरीही हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या स्क्रूंवरचा रंगाचा ठिपका तुटलेला आहे. म्हणजे आधीच्या कोणीतरी घाई करून ते फिरवून पाहिलेच होते. क्षमता, वेग, इतिहास यांची पारायणे करत नाही. ज्याच्याकडे हा ड्राइव्ह आहे त्याला रिकाम्या डिस्कवरचे ६६४ ब्लॉक पाठ असतात.

लाल दिवा लुकलुकतो म्हणजे ड्राइव्ह बिघडला असे नाही. फाइलचे नाव चुकीचे टाइप केले तरी तो तसाच लुकलुकतो, त्या चुकीचा क्रमांक ६२. दिव्याकडे बघून निदान करणे म्हणजे कपाळाला हात लावून रक्तदाब सांगणे. चॅनल १५, म्हणजे ड्राइव्हला आदेश देण्याची आणि त्याचे चुकांचे संदेश वाचण्याची वाट, उघडायचा, क्रमांक, संदेश, ट्रॅक आणि सेक्टर (ट्रॅकचा एक तुकडा) या चार गोष्टी वाचून छापायच्या, चॅनल बंद करायचा. बेसिक भाषेत हे थेट चालत नाही, ओळ क्रमांक देऊन छोटा प्रोग्रॅमच लिहावा लागतो. ड्राइव्ह सुरू केल्यावर पहिल्यांदा ७३ येतो. ती फक्त ड्राइव्हमधल्या डॉस या प्रोग्रॅमची ओळख आहे, चूक नव्हे. वाचून झाले की दिवा शांत होतो. क्रमांकासोबत ट्रॅकही वहीत लिहून ठेवा, कारण खरी माहिती तिथे असते.

२१ म्हणजे सिंकची, म्हणजे सेक्टरची सुरुवात सांगणारी, खूणच सापडत नाही. सगळ्या ट्रॅकांवर २१ येत असेल तर दार नीट बसले नाही, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, मोटर फिरत नाही किंवा हेडवर जाड थर बसला आहे. दांडी फिरवून बंद होणाऱ्या यंत्रणेत हेडची गुंडाळीच तुटण्याचा रोग ठाऊक आहे, तोही इथेच दिसतो आणि त्यावर हेड बदलण्याखेरीज इलाज नाही. २० म्हणजे हेडर (सेक्टरचा पत्ता) सापडला नाही, २२ म्हणजे डेटाचा ब्लॉक सापडला नाही, २३ आणि २७ म्हणजे सापडले पण तपासणीची बेरीज जुळली नाही, अनुक्रमे डेटाची आणि हेडरची. काही ठिकाणी वाचतो, काही ठिकाणी नाही आणि नापास होणारे ट्रॅक बहुतेक ३० च्या पुढचे, असे चित्र असेल तर आधी सफाई. आतल्या ट्रॅकांवर सेक्टर कमी ठेवलेले असतात, पहिल्या १७ ट्रॅकांवर २१ तर शेवटच्या पाचांवर १७, त्यामुळे बिटांची दाटी फारशी वाढत नाही. पण फेऱ्या मिनिटाला ३०० च राहतात आणि परीघ लहान होतो. हेडखालून पृष्ठभाग हळू सरकतो, सिग्नल क्षीण होतो. मळलेल्या हेडची पहिली तक्रार म्हणूनच आतून येते.

सफाईत नवे काही नाही, तरी ती चुकीची होते. हेड खाली, तोंड वर. त्याच्यावर दाबायला नमद्याची गादी असलेला हात. १५४१ डिस्कची खालची बाजू वाचतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी भिजवायची, ठिबकणार नाही इतपतच, आणि हात जेमतेम काडी जाईल एवढा उचलून हेड पुसायचे. हात जास्त वर ओढला की स्प्रिंग ढिली पडते आणि मग गादीचा दाब कायमचा कमी. काडी तपकिरी निघत राहिली तर बदलत राहा. गादी काळी आणि कडक झाली असेल तर तीही दोषी.

आता जो विषय या ड्राइव्हच्या बाबतीत डोक्यात जातो तो: ठकठक. १५४१ ला आपले हेड नेमके कुठे आहे हे कळायला काहीही साधन नाही. शून्य ट्रॅकचा सेन्सर दिलेलाच नाही. त्यामुळे फॉरमॅट करताना किंवा वाचनात चूक आली की तो हेडला ४० पेक्षा जास्त ट्रॅक मागे ढकलतो. ट्रॅक आहेत ३५. उरलेली सगळी पावले म्हणजे अडणीवर आपटणे. हेडची गाडी अडून उभी आणि स्टेपर मोटर तिला ढकलतेच आहे. मोटरच्या दांड्यावर पुली नुसती दाबून बसवलेली असते. तीच हळूहळू घसरते आणि अलाइनमेंट जाते, अशी या ड्राइव्हची ख्याती आहे. ट्रॅकमधले अंतर इंचाला ४८ या हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरहून जरासे जास्त. यात दहावा भाग मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी पाचवा हिस्सा ट्रॅक गेला.

एक प्रकाशाचा सेन्सर आणि पत्र्याची एक जीभ, एवढ्याने हे टळले असते. पुढे १९८६ च्या १५४१सी मध्ये सेन्सर आलाच. म्हणजे कळत होते. आणि त्या काळच्या कित्येक गेमनी कॉपी होऊ नये म्हणून डिस्कवर मुद्दाम चुकीचे सेक्टर ठेवले. ड्राइव्ह ते वाचतो, चूक सापडते, आपटतो, आणि गेम म्हणतो, ठीक, मूळ डिस्क आहे. संरक्षणाची ही पद्धत काढणाऱ्याने ड्राइव्हच्या शेजारी बसून कधी तो आवाज ऐकला नसावा.

उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि फुकट आहे. चॅनल १५ वरून मेमरी लिहिण्याची एम-डब्ल्यू कमांड द्यायची: पत्त्याचा खालचा भाग १०६, वरचा ०, एक बाइट, किंमत १३३. त्या जागी नेहमी ५ असते, म्हणजे पाच वेळा वाचून बघ. १३३ म्हणजे ५ अधिक १२८. वरचा बिट लागला की वाचनाच्या चुकीवर आपटणे बंद, पाच प्रयत्न मात्र तसेच. फॉरमॅटच्या वेळची ठकठक याने थांबत नाही. वीज घालवली किंवा संगणक रीसेट केला की पुन्हा मूळ स्वभाव, म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला द्यावी लागते. आणि हेड खरेच भरकटले असेल तर आपटण्याशिवाय ड्राइव्हला परत यायला मार्ग नसतो. अशा वेळी ५ परत लिहा.

इथवरचा मजकूर तिसऱ्या महिन्यात लिहिला असता तर शेवट "आपटण्यामुळेच वाट लागते" असा झाला असता. तो निकाल आता थोडा मागे घेतो. कमांड न देता कित्येक आठवडे गेम चालले, ठकठक झाली, आणि कारखान्यात लिहिलेल्या मूळ डिस्का आजही ट्रॅक ३५ पर्यंत बिनचूक वाचल्या जातात. स्वतः फॉरमॅट केलेली डिस्क वाचतो पण दुसऱ्याची वाचत नाही, हे अलाइनमेंट गेल्याचे लक्षण. दोन्ही वाचत नसेल तर रोग दुसरीकडे. या ड्राइव्हला हे लक्षण एकदाही दिसले नाही. ठकठकीचा राग मात्र कमी झालेला नाही.

मग खरे कारण काय निघाले? पहिले, वेग. रबरी बेल्टवर चालणाऱ्या यंत्रणेत खालच्या चाकावर रेघांची दोन वर्तुळे असतात, एक ५० हर्ट्झचे, एक ६० चे. घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की ३०० फेऱ्या. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हा खेळ चालत नाही, ते विजेच्या तालावर लुकलुकतच नाहीत. मग वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा, एक फेरी २०० मिलिसेकंद. मोटरच्या बोर्डवर छोटा ट्रिमर, म्हणजे वेग जुळवण्याचा स्क्रू, आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी किंचित फिरवायचा. ३०० च्या एक-दीड फेरी इकडेतिकडे चालते. वाचताना ड्राइव्ह थोडा फरक सांभाळून घेतो, पण लिहिताना नाही: वेग जास्त असेल तर ट्रॅकला जागा कमी पडते आणि शेपूट डोक्यावर येते. म्हणून "वाचतो पण सेव्ह केलेले नंतर मिळत नाही" या तक्रारीत आधी वेग बघा. आकडा स्थिरपणे चुकीचा असेल तर ट्रिमर. आकडा नाचत असेल तर बेल्ट गुळगुळीत झालाय किंवा पुलीवर मळ आहे. नवा बेल्ट घेणे जिवावर येत असेल तर पुली अल्कोहोलने पुसा आणि चपटा बेल्ट उलटा करून लावा, काही दिवस निभावते. शेवटी घ्यावाच लागतो.

दुसरे, रूळ. हेडची गाडी ज्या दोन दांड्यांवर सरकते त्यांवरचे जुने ग्रीस डिंकासारखे होते. वीज बंद असताना गाडी बोटाने हळू सरकवून बघा, कुठेही अडखळता कामा नये. पुसून कोरडे करून शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, तोही फडक्याने पसरून. गंज सोडवणारा स्प्रे आत मारू नका. तो हेडवर, गादीवर, बेल्टवर सगळीकडे जातो.

तिसरे, आणि ठकठकीपेक्षा मोठे, पण माणसे बोलतात त्याविषयी कमी: उष्णता. ट्रान्सफॉर्मर डब्यातच आहे, ५ आणि १२ व्होल्टचे रेग्युलेटरही डब्यातच. नंतरच्या १५४१-टू ने वीजपुरवठा बाहेर काढला तो उगाच नव्हे. ड्राइव्ह पहिला अर्धा तास छान वाचतो आणि मग २३ शिंपडायला लागतो, असे असेल तर झाकण काढून पुन्हा अर्धा तास बघा. फरक पडला तर उत्तर मिळाले. दोन ड्राइव्ह एकावर एक ठेवू नका, आणि काचेच्या जुन्या टीव्हीला खेटूनही नको, त्याच्या हस्तक्षेपाने चुका येतात. खालचे चार स्क्रू काढले की वरचे झाकण निघते, बोर्ड वर, यंत्रणा खाली. उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा, आत घरची वीज येते.

झाकण उघडलेच आहे तर, पुन्हा वीज देऊन, एक हात खिशात ठेवून, रेग्युलेटरच्या आउटपुटच्या पायांवर मल्टीमीटर लावा. ५ आणि १२ मिळाले की मल्टीमीटर एसीवर करून तेच मोजा. तिथे ठळक आकडा दिसला तर मोठे कपॅसिटर थकले आहेत. सुरू करताना मोटर फिरतच राहते आणि लाल दिवा जातच नाही, तर प्रोसेसर धावत नाही: रॉम, ६५२२ ही चिप किंवा सॉकेट. सुरुवातीलाच ठरावीक संख्येने लुकलुकणे वेगळे. दोन किंवा तीन म्हणजे रॉम. सॉकेटमधल्या चिप किंचित उचलून परत दाबल्याने सुटलेले रोग कमी नाहीत. पडद्यावर डिव्हाइस नॉट प्रेझेंट आले तर ड्राइव्हच्या वाचनाशी त्याचा संबंध नाही, केबल किंवा ७४०६ ही चिप तपासा. आणि केबल लावताना-काढताना दोन्ही यंत्रे बंदच हवीत, चालू असताना ओढली की चिप जाते.

लिहिताना प्रत्येक डिस्कवर २६, म्हणजे लिहिण्यास बंदी, येतो? डिस्कच्या कडेची खाच उघडी म्हणजे लिहिता येते, चिकटपट्टी लावली म्हणजे नाही. खाच उघडी असून २६ येत असेल तर प्रकाशाच्या सेन्सरवर धूळ आहे.

डिस्कांकडेही बघायचेच. मधले भोक बोटाने फिरवून खिडकीतला पृष्ठभाग उजेडात तपासा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. अशी एक डिस्क घातली की हेड माखते आणि पुढची चांगली डिस्क ओरखडते. १.२ मेगाबाइटच्या हाय डेन्सिटी डिस्का इथे चालत नाहीत, त्यांच्या थराला जास्त जोराचे चुंबकत्व लागते. फॉरमॅट झालीच तरी भरवसा नाही.

एवढे सगळे करून मूळ डिस्का वाचत नसतील, तरच ते दोन स्क्रू. आधी सुईने मोटर आणि चौकटीवर मिळून एक रेघ ओढा, म्हणजे परत यायला जागा राहील. डिस्क कारखान्यात लिहिलेलीच हवी, शक्य तर तीन-चार वेगवेगळ्या. एकीवर भरवसा ठेवला तर तिच्या चुकीला आपण अलाइनमेंट म्हणू. स्क्रू पाव फेरी ढिले, मोटर केसाएवढी फिरवायची, ट्रॅक १, १८ आणि ३५ तपासायचे, आवळायचे आणि पुन्हा तपासायचे, कारण आवळताना मोटर सरकतेच. हे सगळे ड्राइव्ह अर्धा तास झाकण ठेवून तापल्यावर करायचे. गरम असताना जुळवलेले हेड सकाळी थंडीत पहिली काही मिनिटे कुरकुरेल. करू द्या, स्क्रू परत उघडू नका.