‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’: गुलाममुक्तीचे पैसे कोणाच्या हाती गेले, ते दाखवणारा डेटाबेस

गुलामगिरीविरुद्धच्या ब्रिटिश चळवळीबद्दल वाचायला घेतलं की विल्बरफोर्स आणि क्लार्कसन हे पुढारी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभा आणि गुलामांनी पिकवलेल्या साखरेवरचा बहिष्कार हे सगळं लगेच भेटतं. १८३३ च्या कायद्यानं मुक्तीबरोबरच मंजूर केलेले २ कोटी पौंड मात्र एखाद्या ओळीत उरकले जातात. ते पैसे गुलामांना मिळाले नाहीत, त्यांच्या मालकांना मिळाले. कोणत्या मालकाला, किती माणसांपोटी, किती रक्कम मिळाली, हे नावानिशी पाहायचं असेल तर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा हा डेटाबेस आज सर्वांत भरवशाचा आहे. तो २०१३ मध्ये खुला झाला. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. पण नाव टाकून समोर येईल तो आकडा उचलला, तर निष्कर्ष चुकण्याची शक्यता फार मोठी. म्हणून त्यात काय आहे यापेक्षा तो वाचायचा कसा, यावर इथे जास्त भर दिला आहे.

आधी माहिती कुठून आली ते पाहू. कायदा १ ऑगस्ट १८३४ ला अमलात आला. भरपाई वाटायला सरकारनं आयोग नेमला आणि त्याचे कागद आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘टी ७१’ या मालिकेत आहेत. डेटाबेसचा पाया हाच. सुमारे ८ लाख माणसांपोटी सुमारे ४६,००० दावे निकाली निघाले. माणसांची किंमत ठरवताना आयोगानं १८२२ ते १८३० या काळातले खरेदी-विक्रीचे भाव धरले आणि प्रत्येक वसाहतीला वेगळा दर लावला. त्यातही वर्गवारी होती: मुकादम, कारागीर, शेतमजूर, हलक्या कामाचे मजूर, सहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात दरडोई सरासरी ५० पौंडांच्या वर गेली, कॅरिबियनमधल्या जमैकात ती २० च्या आसपास राहिली. गयानाची जमीन ताजी होती, मजूर कमी होते, त्यामुळे तिथला ‘भाव’ चढा होता. हे दर लक्षात ठेवा, पुढे पडताळणीला लागतात.

डेटाबेसमध्ये माहिती तीन बाजूंनी लावलेली आहे: माणूस, दावा आणि मळा. नवखा वाचक आडनावापासून सुरू करतो आणि तिथेच अडकतो. माणसाच्या पानावर त्याचं चरित्र, पत्ते, नातेवाईक, शिक्षण, कळला असेल तर धर्मपंथ, आणि तळाशी त्याच्याशी जोडलेले दावे असतात. दाव्याच्या ओळीत वसाहत, क्रमांक, तारीख, गुलामांची संख्या आणि रक्कम दिसते. ही रक्कम त्या माणसाला मिळालीच, असं समजू नका. दाव्यासमोर त्याची भूमिका लिहिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो मळ्याचा पूर्ण मालक असेल, गहाणदार (मळा तारण धरून कर्ज दिलेला) असेल, वर्षासनाचा (मळ्याच्या उत्पन्नातून दरवर्षी मिळणाऱ्या ठरावीक रकमेचा) हक्कदार असेल, कोणाच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक असेल, किंवा दावा हरलेलाही असेल. हरलेल्याच्या पानावरही दाव्याची तीच रक्कम दिसते. एका दाव्याचे चार मानकरी असले तर चौघांच्या पानावर पूर्ण रक्कम दिसते. चार पानांची बेरीज केली की आकडा चौपट होतो. वर्तमानपत्रांतल्या कितीतरी फुगलेल्या रकमांचं मूळ हेच आहे. यावर उपाय एकच: बेरीज नेहमी दाव्याच्या पानांवरून करा, माणसाच्या पानांवरून नको.

धार्मिक बाजू तपासायची असेल तर बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरचा कॉडरिंग्टन मळा हा सर्वांत चांगला पहिला धडा आहे. क्रिस्टोफर कॉडरिंग्टन १७१० मध्ये वारला आणि त्यानं आपले दोन ऊसमळे माणसांसकट एका मिशनरी संस्थेला दिले. परदेशांत सुवार्ताप्रसार करण्यासाठी १७०१ मध्ये इंग्लंडच्या चर्चमधून उभी राहिलेली ही संस्था. तिच्या मळ्यावरच्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द डागला जाई. मुक्तीच्या वेळी संस्थेला ४११ माणसांपोटी ८,८२३ पौंड, ८ शिलिंग, ९ पेन्स मिळाले. आता पडताळणी करू. जुन्या चलनात एका पौंडाचे २० शिलिंग आणि २४० पेन्स होत. म्हणजे शिलिंगला २० नं भागायचं, पेन्सला २४० नं, आणि दोन्ही पौंडात मिळवायचे: ८,८२३.४३७५. याला ४११ नं भागलं की दरडोई साधारण २१.४७ पौंड येतात. बार्बाडोसची सरासरी २० ते २१ च्या घरातली, म्हणजे आकडा जुळतो. हा भागाकार प्रत्येक दाव्यावर करून पाहा. उत्तर वसाहतीच्या दराहून फार लांब गेलं तर बहुधा दावा अनेक तुकड्यांत विभागलेला असतो, किंवा रक्कम नोंदवताना चूक झालेली असते, किंवा दोन वसाहतींची बेरीज तुमच्याच हातून एकत्र झालेली असते. स्प्रेडशीटमध्ये मात्र पौंड, शिलिंग, पेन्स तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा. ‘८.९’ असं दशांशात टाकणं ही इथली नेहमीची चूक.

दुसरा धडा सावधगिरीचा. एक्सेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांचं नाव जमैकातल्या ६६५ माणसांच्या दाव्यांवर आहे, रक्कम १२,७०० पौंडांच्या आसपास. ‘बिशपकडे ६६५ गुलाम होते’ हे वाक्य त्यामुळे सगळीकडे फिरलं. प्रत्यक्षात ते इतर तिघांबरोबर अर्ल ऑफ डडली या उमरावाच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक होते. पैसा त्या इस्टेटीचा होता, बिशपांच्या खिशातला नव्हता. याचा अर्थ ते सुटले असा नाही. एक बिशप माणसांच्या मालकीचा कायदेशीर कागद सहीनं पुढे नेतो आणि त्याला त्यात काही खटकत नाही, हेही सांगण्यासारखंच आहे. पण मालक आणि व्यवस्थापक यांतला फरक पुसला की टीकाकाराचीच बाजू लंगडी होते. भूमिकेचा रकाना याचसाठी आधी वाचायचा.

आडनावं शोधताना आणखी काही खाचखळगे आहेत. स्कॉटिश ‘मॅक’ इंग्रजीत किमान तीन प्रकारे लिहिलं जातं, तिन्ही करून पाहा. बाप-लेक-नातू एकाच नावाचे असतात. जन्म-मृत्यूची वर्षं जुळवल्याशिवाय त्यांची पानं जोडू नका. ‘होप’ किंवा ‘सक्सेस’ अशा नावांचे मळे अनेक वसाहतींत होते, म्हणून मळा शोधताना वसाहत आधी निवडा. आणि डेटाबेसमध्ये नाव आहे म्हणजे भरपाई मिळाली, असंही नाही. पुढच्या टप्प्यात १७६३ पासूनचे मालक त्यात घातले गेले. त्यांतले बरेच जण १८३३ च्या आधीच वारले होते.

वारशाचा विभाग हे या डेटाबेसचं खरं वेगळेपण. पैसा पुढे कुठे मुरला, ते सहा गटांत लावलं आहे: व्यापार, संस्कृती, इतिहासलेखन, साम्राज्य, वास्तू आणि राजकारण. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ मध्ये जॉन ज्युलियस अँगरस्टाइनच्या ३८ चित्रांवर उभी राहिली, सरकारनं ती ५७,००० पौंडांना घेतली होती. हा विम्याचा व्यापारी ग्रेनाडातल्या मळ्यांचा विश्वस्तही होता. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचं ग्रंथालय कॉडरिंग्टनच्या १०,००० पौंडांच्या देणगीतून बांधलं गेलं. कॉलेजनं २०२० मध्ये त्याचं नाव वापरणं थांबवलं. अशा जागा शोधायला हा विभाग फार उपयोगी आहे. त्याची मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: भरपाईचाच रुपया अमुक इमारतीत गेला, हे फार थोड्या ठिकाणी सिद्ध होतं. बहुतेक ठिकाणी माणूस एक असतो आणि पैशाचे स्रोत अनेक. ‘मालकानं बांधलं’ आणि ‘भरपाईतून बांधलं’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

या कोशानं चळवळीच्या इतिहासाला दिलेला सर्वांत मोठा धक्का स्त्रियांबद्दलचा आहे. दावेदारांत ४० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांत विधवा होत्या, अविवाहित बहिणी होत्या, मृत्युपत्रानं वर्षासन मिळणाऱ्या आत्या-मावश्या होत्या. याच काळात, १८२५ पासून, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्था दारोदार फिरून पत्रकं वाटत होत्या आणि साखर सोडायला सांगत होत्या. दोन्हीकडच्या बायका एकाच वर्गातल्या, अनेकदा एकाच शहरातल्या. चळवळ कोणाविरुद्ध लढत होती, हे इतकं जवळून दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता उणीव. ती मोठी आहे आणि तिच्याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. हा मालकांचा कोश आहे. गुलामांची संख्या प्रत्येक ओळीत आहे, नावं नाहीत. जॉन ग्लॅडस्टनचं उदाहरण घ्या. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे हे वडील. त्यांना २,५०८ माणसांपोटी १,०६,७६९ पौंड मिळाले. (भागून पाहा: दरडोई साडेबेचाळीस. गयाना आणि जमैका हे दोन दर एकत्र आल्यानं मधला आकडा येतो.) ऑगस्ट १८२३ मध्ये डेमेरारात (पुढे ब्रिटिश गयानाचा भाग) गुलामांचा उठाव झाला तो त्यांच्याच ‘सक्सेस’ मळ्यापासून पेटला. क्वामिना हा तिथला सुतार आणि जॉन स्मिथ या मिशनऱ्याच्या चॅपेलमधला (प्रार्थनागृहातला) डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक-पुढारी. त्याचा मुलगा जॅक उठावाच्या पुढाऱ्यांत. क्वामिनाला ठार मारलं गेलं. स्मिथ लष्करी न्यायालयाच्या शिक्षेखाली फेब्रुवारी १८२४ मध्ये तुरुंगात वारला आणि ब्रिटनमध्ये चळवळीचा हुतात्मा ठरला. १८३१ च्या नाताळात जमैकात जो उठाव झाला त्याचा पुढारी सॅम शार्प हाही डीकन होता, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातला. मे १८३२ मध्ये त्याला फाशी दिली. पुढच्याच वर्षी कायदा झाला. चॅपेलात बायबल ऐकून त्याचा स्वतःच्या सुटकेसाठी अर्थ लावणाऱ्या या माणसांशिवाय चळवळीचा धार्मिक वारसा अर्धाही कळत नाही. तो या कोशातून कळणार नाही.

ती उणीव भरायला दोन जोड लागतात. पहिली, त्याच ‘टी ७१’ मालिकेतल्या गुलाम-नोंदवह्या. १८१३ ते १८३४ या काळात वसाहतींनी ठेवलेल्या या वह्यांत माणसाचं नाव आणि वय येतं. मळ्याचं किंवा मालकाचं नाव इथून घ्यायचं आणि वही तिकडे उघडायची. दुसरी जोड ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या मोफत संकेतस्थळाची. गुलाम वाहून नेणाऱ्या ३६,००० हून अधिक जहाजफेऱ्या त्यात आहेत. गुलामांच्या व्यापारावरच्या १८०७ च्या बंदीनंतर ब्रिटिश आरमारानं अडवलेल्या जहाजांवरून उतरवलेल्या ९१,४९१ आफ्रिकी माणसांची नावं, फ्रीटाउन (पश्चिम आफ्रिका) आणि हवाना (क्युबा) इथल्या न्यायालयांत लिहून घेतलेली, तिथे मिळतात. नावं ऐकून लिहिलेली आहेत, त्यामुळे शोधताना उच्चाराचे पर्याय करा. फेऱ्यांचे आकडे वापरताना नोंदलेला आकडा आणि अंदाजानं भरलेला आकडा वेगळे धरा. जहाजांवर चढवलेले १ कोटी २५ लाख आणि अटलांटिकपलीकडे उतरलेले १ कोटी ७ लाख ही बेरीज अंदाजांच्या पानावरची आहे. माहीत असलेल्या फेऱ्यांची बेरीज त्याहून कमी येते.

रकमा आजच्या पैशात किती, हे कोश सांगत नाही आणि ते योग्यच आहे. भावांच्या निर्देशांकानं एक उत्तर येतं, मजुरीच्या प्रमाणात दुसरं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात तिसरं, आणि त्यांत प्रचंड अंतर पडतं. लिहिताना मूळ रक्कम द्या आणि एवढंच म्हणा की २ कोटी पौंड म्हणजे त्या वेळच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. त्यांतले साधारण निम्मे ब्रिटनमध्येच राहणाऱ्या मालकांकडे गेले. यासाठी काढलेलं कर्ज जुन्या सरकारी रोख्यांत मिसळत गेलं आणि ते रोखे २०१५ मध्ये फिटले.

भारतातल्या गुलामगिरीच्या नोंदी इथे शोधू नका. १८३३ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना वगळले होते. कंपनीच्या मुलखासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये आला, आणि त्यात मालकांना भरपाई नव्हती.

इंग्रजी वाचता येत असेल, जुन्या कायद्यातले वारसाहक्काचे शब्द समजून घ्यायची तयारी असेल, तर हा कोश जरूर वापरावा. चळवळीवर लिहिणाऱ्यानं, चर्चच्या इतिहासाच्या अभ्यासकानं आणि शिक्षकानं तर नक्कीच. पहिल्या बैठकीत एकच मळा घ्या, त्याचे सगळे दावे उघडा, भूमिका कागदावर मांडा, भागाकार करा, मग माणसांच्या पानांकडे वळा. उद्धृत करताना पानाचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख दोन्ही लिहा, कारण नवे पुरावे आले की चरित्रं दुरुस्त होतात आणि मागच्या वर्षी ‘मालक’ असलेला माणूस पुढच्या वर्षी ‘विश्वस्त’ झालेला सापडू शकतो.