युनोस रोडस्टरवर मांड बसायला लागलेले सात महिने

परवा सीटच्या दुकानदाराशी तिसऱ्यांदा वाजलं आणि त्याच तिरमिरीत हे लिहायला बसले आहे.

गाडी १९९० ची युनोस रोडस्टर, म्हणजे माझदाची कापडी छपराची छोटी दोन सीटची गाडी, १.६ लिटरची. ९४० किलो, १२० अश्वशक्ती, वर उघडणारे दिवे. इंजिन, गिअर, ब्रेक याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. प्रश्न बसण्याचा आहे. मी चार फूट अकरा इंच, नवरा सहा फूट एक इंच. टोकियोत निशी-कासाईला राहतो, गाडी एकच आणि चालवायची हौस दोघांनाही.

या गाडीचं स्टिअरिंग वर-खाली होत नाही, पुढे-मागेही नाही. सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलते, पण उंची बदलत नाही. माझदाने १९८९ मध्ये ही गाडी आणली ती ‘जिंबा इत्ताई’ ही कल्पना पुढे ठेवून, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे स्वाराची मांड म्हणतात तीच ही गोष्ट, आणि मला ती मनापासून आवडते. पण घोड्याची रिकीब स्वार बदलला की लांब-आखूड करता येते. इथे तसं काही नाही.

आधी नवऱ्याचं सांगते. छप्पर बंद केलं की डोकं कापडाला घासायचं आणि समोरच्या काचेची वरची पट्टी नेमकी डोळ्यांच्या रेषेत यायची. जपानात सिग्नल बहुधा चौकाच्या पलीकडे असतो म्हणून निभावलं, नाहीतर प्रत्येक सिग्नलला वाकून बघावं लागलं असतं. मांड्या स्टिअरिंगखाली अडकायच्या. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेताना गुडघा चाकाला लागायचा. त्याच्या २९ सेंमीच्या बुटाखाली तर कधी कधी दोन्ही पेडल एकदम दाबली जायची. त्यावर उपाय स्वस्तातला निघाला, पातळ तळव्याचे अरुंद बूट.

पहिल्या महिन्यात मी मैत्रिणींना ठासून सांगत होते की पावणेसहा फुटांवरच्या माणसाने या गाडीच्या नादी लागू नये. ते विधान आता मागे घेते. उंच माणसाचा प्रश्न सुटतो, आणि तो सीटच्या आतल्या फोममध्येच सुटतो. गादीचा फोम चार सेंमी कापला आणि मूळ चाकापेक्षा थोडं लहान स्टिअरिंग बसवलं की डोकं, मांड्या, काचेची पट्टी, तिन्ही दुखणी एकदम कमी होतात. बकेट सीटची, म्हणजे शर्यतीच्या गाडीत असतात तशा खोलगट सीटची, एक जोडी रुळांसकट दीड लाख येनला सांगितली होती. फोम कापायला १८,००० लागले. एवढा फरक असताना मी दीड लाख मोजणार नव्हते.

उंच माणसासाठी गाडी कापण्याची परंपरा तशी जुनीच आहे. १९६७ च्या बाँडपटासाठी टोयोटाने आपल्या २००० जीटी या स्पोर्ट्स गाडीचं छप्परच काढून टाकलं, कारण बाँड झालेला शॉन कॉनरी आत मावेना. त्याच वर्षी फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या फोर्डच्या छताला तिचा उंच चालक डॅन गर्नी याच्या हेल्मेटसाठी फुगवटा केलेला होता. बुटक्या चालकासाठी कोणी गाडीचा पत्रा ठोकल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आता माझी बाजू. दुकानदाराला मी दोनदा बजावलं होतं की कापलेला फोम अखंड चकतीसारखा काढा आणि मला परत द्या. नवरा चालवेल तेव्हा ती चकती बाहेर आणि मी चालवेन तेव्हा आत, इतकं साधं गणित होतं. त्यांनी तुकडे करून कचऱ्यात टाकला! वर म्हणाले, जुना फोम कोणी मागत नाही. मी मागितला होता.

मग मी आजीची गोधडी चौघडी करून खाली घेतली. दिसायला छान लागलं, पण एकदा सिग्नलला जोरात ब्रेक दाबला आणि गोधडीसकट मी पुढे घसरले. कमरेचा पट्टा पोटावर चढला. मऊ वस्तू सीटवर कधीही घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते आहे.

त्यानंतर कडक फोमचा ठोकळा आणला. सपाट ठोकळ्याने नजर वर आली खरी, पण मांड्याही उचलल्या गेल्या आणि क्लच शेवटपर्यंत दाबेना. सीट पुढे घ्यावी तर छाती चाकाला टेकते. तीन रविवार यात गेले. शेवटी ठोकळा पाचरीसारखा तासला, मागे पाच सेंमी आणि पुढे जेमतेम एक. कंबर वर राहते, मांडी पेडलकडे उतरते. खाली वेल्क्रो लावलं आणि वरून त्याच गोधडीच्या कापडाचं अभ्रं शिवलं. क्लचच्या पेडलची उंचीही मेकॅनिककडून थोडी जुळवून घेतली. आता बोनेटची दोन्ही टोकं दिसतात, आणि टोकियोजवळच्या हाकोनेच्या घाटात पहिल्यांदाच मी मान ताणून चालवत नव्हते. त्या दिवशी घरी परतल्यावर गाडीतून उतरवेना.

मार्चमध्ये साताऱ्याहून बाबा आले होते. पाच फूट सहा. पार्किंगमध्येच नुसते बसले, तर पाचर नको, सीट सरकवणं नको, हात अलगद चाकावर आणि पाय पेडलवर. ही गाडी मुळात कोणाच्या मापाने बेतली आहे ते मला तिथे कळलं.

घ्यायला जाल तेव्हा छप्पर बंद करून, रोजचे बूट घालून दहा मिनिटं बसा आणि क्लच तळापर्यंत दाबून बघा. घरात दोन उंचीची माणसं असतील तर आधी पाचरीचा प्रयोग करा, फोम मग कापा. आणि कापायला देताना कापलेला फोम परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.