डीएस३२३१ घड्याळ-मॉड्यूल: चिप उत्तम, बोर्ड सदोष, ड्रायव्हर तपासूनच घ्यावा

वीजपुरवठा बंद झाल्यावरही वेळ टिकवून ठेवायची असेल, तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात मागितल्यावर दुकानदार बहुतेक वेळा जे निळे मॉड्यूल पुढे करतो, ते झेडएस-०४२. त्यावरील डीएस३२३१ ही चिप तापमानानुसार स्वतःची गती सुधारून घेते आणि ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक २ पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भागांच्या) आत, म्हणजे वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत राहते. या किमतीत इतकी अचूकता मिळत असल्याने चिपबद्दल तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती तिच्यासाठी सर्रास फिरणाऱ्या फुकट ड्रायव्हरांबद्दल, म्हणजे चिपशी बोलणाऱ्या तयार प्रोग्रामांबद्दल. आमच्या नोंदयंत्रात असाच एक ड्रायव्हर होता आणि क्वचित एखादी नोंद जवळजवळ मिनिटभर पुढची येत असे. तो सेकंद, मिनिट आणि तास ही रजिस्टरे (चिपमधील छोटे साठवण-कप्पे) स्वतंत्र व्यवहारांत वाचत होता. १०:५९:५९ वाजता सेकंदाचे ५९ हाती आले आणि तेवढ्यात तास पालटला, तर पुढच्या वाचनांत ०० मिनिटे व ११ तास मिळतात आणि नोंद पडते ११:००:५९. वास्तविक आयटूसीचा (चिपशी दोन तारांवरून बोलण्याच्या पद्धतीचा) व्यवहार सुरू होताच ही चिप चालू वेळेची प्रत वेगळ्या रजिस्टरांत काढून ठेवते. त्यामुळे सेकंदापासून वर्षापर्यंतचे सातही बाइट एकाच व्यवहारात वाचले की प्रश्न मिटतो. दुरुस्ती चार ओळींची, पण ती सिद्ध करणे कष्टाचे, कारण दोष घडण्याची फट अगदी अरुंद असते. त्यासाठी जुन्या ड्रायव्हरमध्ये दोन वाचनांच्या मध्ये मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा विलंब घालावा, घड्याळ १०:५९:५८ ला लावावे आणि सलग वाचत राहावे. दोष हुकमी दिसू लागतो. तोच विलंब नव्या ड्रायव्हरमध्ये बाइटांच्या मध्ये घालूनही वेळ सुसंगत राहिली, तरच दुरुस्ती मान्य करावी. २८ फेब्रुवारी २०२८ ची मध्यरात्रही याच रीतीने ओलांडून पाहावी.

दुसरी चाचणी अनेक जण टाळतात. बोर्डावरील बटण-सेल आणि वीज दोन्ही काढून पुन्हा वीज दिली की स्थिती-रजिस्टरातील (०एफ) सर्वांत वरचा बिट ‘मधे घड्याळ थांबले होते’ असे सांगतो. ड्रायव्हरने अशा वेळी त्रुटी कळवली पाहिजे आणि नवी वेळ लावल्यावरच तो बिट पुसला पाहिजे. काही ड्रायव्हर तो सुरुवातीलाच पुसतात; मग पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले की २००० सालची तारीख बिनबोभाट खरी ठरते.

बोर्डाचा दोष मात्र सॉफ्टवेअरने सुटणारा नाही. त्यावर डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर यांचा चार्जिंग मार्ग आहे आणि तो पुनर्भारित होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. ५ व्होल्टवर चालवून त्यात साधा सीआर२०३२ बसवणे धोक्याचे आहे, कारण तो सेल चार्ज करण्यासाठी बनलेलाच नसतो. रेझिस्टर काढून टाकावा; काम दोन मिनिटांचे आहे.

विकत घेताना चिपवरील अक्षरे भिंगातून वाचावीत. ‘एसएन’ असेल तर वर दिलेली अचूकता अपेक्षित आहे; ‘एम’ असेल तर आत क्वार्ट्झ स्फटिकाऐवजी मेम्स (सिलिकॉनचा सूक्ष्म यांत्रिक कंपक) आहे आणि मर्यादा ५ पीपीएमची आहे. पाणीपुरवठ्याच्या किंवा हजेरीच्या नोंदींना तीही पुरते, पण दोन्हींची किंमत सारखीच सांगितली जात असेल तर घासाघीस अवश्य करावी.