सहा कोनांची गोटी की बारा?

भाचा नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलाय. रॅचेटसाठी, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या दातेरी दांड्यासाठी, गोट्या (बोल्टवर चढणारे सॉकेट) घ्यायच्यात, पण सहा कोनी की बारा, इथे अडलाय. त्याने पाहिलेल्या दोन्ही क्रोम व्हॅनेडियम पोलादाच्या, किमतीत उन्नीस-बीस.

खरा फरक पकडीत. सहा कोनी गोटी बोल्टच्या सपाट बाजूंवर जोर देते, बारा कोनी कोपऱ्यांजवळ. खाडीच्या दमट हवेत गंजलेल्या बोल्टवर बारा कोनी घसरली की बोल्टचं डोकं गोल. मग बसा छिन्नी शोधत!

बारा कोनी दर ३० अंशांवर बसते, सहा कोनी दर ६० वर. पण ७२ दातांचं रॅचेट ५ अंशांतच पुढचा दात पकडतं, त्यामुळे बारा कोनीची ही सोय फक्त गोटी चढवताना.

जुनी, जाम यंत्रं उघडायची तर सहा कोनी. नवी जुळणी, न दिसणारे नट किंवा बारा कोनी डोक्याचे बोल्ट असतील तर बारा. भाच्याला सहाच घे म्हटलं.