डिपस्टिकवरचा एक सेंटिमीटर: रनिंग-इननंतरचं (नवी गाडी जपून चालवायच्या सुरुवातीच्या काळानंतरचं) ऑइल, सात महिन्यांचा अनुभव

नव्या गाडीच्या दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचं बिल हातात आलं आणि एक ओळ डोळ्यांत खुपली: इंजिन ऑइल ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये वरून घालायचं रसायन), ८५० रुपये. मी मागितलं नव्हतं. "सर, नवीन इंजिन आहे, आतून कोटिंग होतं, सगळेच घेतात," ॲडव्हायझर म्हणाला. बाटली रिकामी झालेली, पैसे भरून घरी आलो.

सकाळी गाडी सपाट जागेवर, इंजिन गार. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढली, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली, परत घातली. ऑइल वरच्या खुणेच्याही जवळजवळ एक सेंटिमीटर वर! तीनदा पाहिलं, तेच. माप पूर्ण भरून झाल्यावर त्यावर ३०० मिलीची बाटली ओतली तर दुसरं काय होणार? लेव्हल फार वर गेली की क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो आणि बेअरिंगला ऑइलऐवजी हवा जाते. ८५० रुपये मोजून मी हे का विकत घ्यावं?

त्याच दिवशी वर्कशॉपमध्ये उभं राहून जास्तीचं ऑइल काढून घेतलं. पैसे मात्र परत मिळाले नाहीत, आणि त्याचा राग अजून आहे.

कोटिंगचं म्हणाल तर चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट, झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग हे सगळं मापून घातलेलंच असतं. फॉस्फरसला तर कमाल मर्यादाही आहे, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब करतो. त्यात वरून काहीबाही ओतलं की ते माप बिघडतं. स्लिक ५० हे एकेकाळचं गाजलेलं ॲडिटिव्ह. झीज कमी होते या त्याच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली कारवाई केली होती.

आता ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा आकडा. इथे माझं मत बदललंय. जळगावचा उन्हाळा ४४ अंशांचा, म्हणून जाड ऑइल बरं असं धरून मी हट्टाने ५डब्ल्यू-३० भरायला लावलं होतं. मॅन्युअलमध्ये ते चालतं, पण पहिली पसंती ०डब्ल्यू-२० ला. नंतर नीट समजून घेतलं: पहिला आकडा थंडीतल्या जाडीचा, दुसरा १०० अंशांवरच्या जाडीचा असतो, आणि थर्मोस्टॅटमुळे (इंजिनाचं तापमान राखणारा भाग) गरम झालेलं इंजिन थंडीतही नव्वदीच्या आसपासच चालतं. म्हणजे बाहेरच्या उन्हाचा मी धरला होता तेवढा संबंध नाही. उलट गार इंजिन सुरू करताना पातळ ऑइल लवकर वर पोहोचतं. ते जाड ऑइल भरल्यापासून भुसावळच्या रोजच्या फेरीत ॲव्हरेजही १८.४ वरून १७.८ वर आलं होतं. थोडा दोष ट्रॅफिकचा असेल, सगळा नाही.

धुळीच्या रस्त्यांसाठी मॅन्युअलने ऑइल बदलायची मुदत निम्मी दिली आहे. म्हणून पंधरा हजारला ०डब्ल्यू-२०, एपीआय एसपी दर्जाचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा) डबा स्वतः आणला, फिल्टर आणि ड्रेन प्लगचं वॉशर नवीन घेतलं आणि ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घेतलं. वॉरंटीसाठी बिलं फाइलला लावली. ॲडिटिव्ह शून्य. सकाळी स्टार्ट केल्यावर आधी जी दोन सेकंद टकटक व्हायची ती गेली, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

वीस हजारांच्या सर्व्हिसला जॉब कार्डवर "कोणतंही ॲडिटिव्ह नको" असं लिहून सही घेणार आहे, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी डिपस्टिक त्यांच्यासमोरच काढणार आहे. फडकं डिकीत ठेवलंय.