गाण्यांनी भरलेला डबा : उन्हाळा, पावसाळा आणि गड्डा उलटल्यानंतरचा अनुभव

मागील गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या घरी जुनी मराठी गाणी आधीच भरलेला, ट्रान्झिस्टरच्या घडणीचा एक डबा आला. त्याला गोल फिरणारी खुंटी आहे, समोर जाळी आहे, एका ओळीचा पडदा आहे आणि वरच्या बाजूस गायकांच्या व गीतप्रकारांच्या कळा आहेत. शिवाय एफएम, ब्लूटूथ आणि पेन ड्राइव्ह लावण्याची सोय आहे. सोलापूरचा कडक उन्हाळा, नंतरचा पावसाळा आणि जानेवारीतील गड्डा यात्रा असा जवळजवळ वर्षाचा फेरा त्याने आमच्याकडे पूर्ण केला असल्याने आता त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारचे डबे आता अनेक जण विकतात आणि माझे बहुतेक म्हणणे त्या सर्वांनाच लागू पडेल.

प्रथम यंत्राविषयी. आवाज मध्यम आकाराच्या खोलीला भरपूर पुरतो. गायकाचा गळा पुढे आणि वाद्ये मागे, अशी त्याची ठेवण असल्याने शब्द अत्यंत स्पष्ट येतात, परंतु तबल्याचा बायाँ व ढोलकीची घुमक दबून जाते. लावणीच्या कळीवर ही उणीव विशेष जाणवते. एप्रिल-मेमध्ये पंखा आणि कूलर दोन्ही चालू असताना खुंटी बरीच पुढे न्यावी लागते आणि त्या पातळीवर आवाज थोडा चिरकतो. बॅटरी सुरुवातीस खोक्यावर लिहिल्याप्रमाणे पाच तासांच्या आसपास टिकत असे, मात्र पश्चिमेच्या खिडकीत डबा ठेवून एक उन्हाळा काढल्यावर ती लक्षणीय उतरली. ज्या गावात पारा 43 अंशांपर्यंत जातो, तेथे हा डबा भिंतीतल्या कोनाड्यातच ठेवावा. खुंटी मध्यंतरी अडकू लागली, तेव्हा कंपनीच्या मदतक्रमांकावर बरेच बोलणे झाले, पण काम झाले नाही. शेवटी नव्या पेठेतील एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने ती उघडून, साफ करून परत बसवली आणि फक्त चहाचे पैसे घेतले. एफएमवर सोलापूर आकाशवाणी गच्चीवर स्वच्छ लागते, मधल्या खोलीत मात्र खरखरते.

आता मुख्य मुद्दा. या डब्यात हवे ते गाणे शोधण्याची सोय नाही. कळ दाबावी, आणि तो जे वाजवील ते ऐकावे. फार तर पुढे सरकावे. माझी मुलगी पुण्याहून सुट्टीला आली तेव्हा तिने यावरूनच डब्याला निकालात काढले, कारण मोबाईलवर हवे ते गाणे नाव उच्चारताच सुरू होते. सुरुवातीस मलाही ही उणीवच वाटत होती. परंतु काही महिने गेल्यावर माझ्या ध्यानात आले की आठवण जागी करण्याच्या कामी मोबाईलपेक्षा हा डबा कितीतरी समर्थ आहे, आणि त्याचे कारण ही उणीवच आहे. मी स्वतः गाणे निवडतो तेव्हा त्या गाण्यामागची आठवण मला आधीच ठाऊक असते, किंबहुना तिच्यासाठीच मी ते लावतो. डबा गाणे न विचारता लावतो, त्यामुळे जी आठवण येते तीही न विचारता येते.

याहून विचित्र गोष्ट अशी की माझी आवडती गाणी या बाबतीत जवळजवळ निकामी ठरली. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लताबाईंचा आवाज असलेले ‘मालवून टाक दीप’ हे माझे कित्येक वर्षांचे लाडके गाणे आहे. ते लागले की मी हातातले काम बाजूला ठेवतो, पण त्यासोबत एकही जागा, एकही चेहरा उभा राहत नाही. विद्यार्थिदशेत, नोकरीत, प्रवासात, आजारपणात अशा सर्व काळी ते ऐकलेले असल्याने ते कोणत्याच एका काळाचे राहिलेले नाही. याउलट जी गाणी मी कधी निवडली नाहीत, जी शेजारच्या रेडिओवरून, लग्नाच्या मांडवातून किंवा एसटी कॅन्टीनच्या कर्ण्यातून माझ्यावर येऊन आदळली, ती आपापल्या जागेसकट जशीच्या तशी शिल्लक आहेत. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की पौगंडावस्था आणि ऐन तारुण्य या काळातील संगीताशी माणसाच्या आठवणी सर्वाधिक घट्ट बांधलेल्या असतात. ते मला पटते. त्यात माझी भर एवढीच, की त्या वयात गाणे निवडण्याचा अधिकार आमच्या हाती नव्हता, आणि रेडिओची खुंटी नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी ताब्यात असे.

‘एक धागा सुखाचा’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘जगाच्या पाठीवर’ या 1960 सालच्या राजा परांजपे यांच्या चित्रपटातील हे गाणे गदिमांनी लिहिले, आणि सुधीर फडके यांनी त्याला चाल देऊन ते स्वतःच गायले. घराघरात ते तत्त्वज्ञान म्हणून ऐकले जात असेल, पण आमच्याकडे ते धंद्यातील गाणे होते. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात होते. पहिल्या पाळीहून ते परत येत तेव्हा त्यांच्या केसांत आणि भुवयांत कापसाची तूस असे, आणि शेजारच्या रेडिओवर हे गाणे लागले की ते अंघोळीच्या आधी उंबऱ्यावर बसून ऐकत. एका सुखाच्या धाग्यामागे दुःखाचे शंभर, हा गदिमांचा हिशेब त्यांना मुळीच मान्य नव्हता. “शंभरात एकच धागा धड असला, तर मुकादम ते कापड माझ्या तोंडावर मारंल,” असे ते म्हणत आणि स्वतःच हसत. डब्यावर हे गाणे अवचित लागले त्या संध्याकाळी मला प्रथम त्या तुसीचा वास आला, आणि शब्द त्यानंतर ऐकू आले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यानंतरच्या वडिलांच्या रिकाम्या दुपारी मात्र या गाण्यासोबत कधीच येत नाहीत. ते गाणे पाळी सुटण्याच्या वेळेवरच थांबलेले आहे.

लावणीच्या कळीने तर घरात वेगळाच प्रकार घडवला. ‘पिंजरा’ 1972 साली आला. खेबुडकरांचे शब्द, राम कदम यांचे संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज यांनी त्या वेळी महाराष्ट्र हलवून सोडला होता. आमच्या घरी मात्र ती गाणी लावण्यास मनाई होती. मी ती ऐकली ती गड्ड्यात, होम मैदानावर, जेथे एका पाळण्याच्या कर्ण्यावर ‘दिसला गं बाई दिसला’ आणि त्याला लागूनच दुसऱ्याच्या कर्ण्यावर अभंग, असे दोन्ही एकाच वेळी कानावर पडत. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहून झाला की आई आम्हाला मैदानात नेई, आणि त्या विशिष्ट कर्ण्यापाशी आल्यावर पावले झपाझप उचलण्यास सांगे. यंदा डब्यावर तेच गाणे लागले, तर ऐंशी ओलांडलेली माझी आई तांदूळ निवडता निवडता पुढची ओळ अचूक म्हणू लागली. मी चकित होऊन पाहिले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “तेव्हा ऐकत नव्हते असं नाही रे, फक्त म्हणत नव्हते.” या एका वाक्यासाठी डब्याची निम्मी किंमत वसूल झाली, असे मी समजतो.

याच कळीबाबत माझी एक गंभीर तक्रारही आहे. पडद्यावर गाण्याचे पहिले शब्द आणि गायकाचे नाव उमटते. कवीचे व संगीतकाराचे उमटत नाही. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ लागते तेव्हा ती लावणी रचणारे शाहीर राम जोशी (1762–1812) हे सोलापूरचे होते, हे ऐकणाऱ्या सोलापूरकरालाही कळण्याचा मार्ग नाही. 1965 सालच्या ‘साधी माणसं’ मधील ‘ऐरणीच्या देवा तुला’ या गाण्याला ‘आनंदघन’ या टोपणनावाने चाल देणाऱ्या स्वतः लता मंगेशकरच होत्या, ही मौजेची गोष्टही अशीच गळून जाते. सोबतच्या पुस्तिकेत नावे आहेत, पण टाईप इतका बारीक आहे की ज्यांच्यासाठी हा डबा बनवला, त्या वयाच्या माणसांना तो भिंगाखेरीज वाचता येणार नाही.

दुसरी तक्रार कंपनीची चूक म्हणता येणार नाही, पण सोलापुरात ती जाणवतेच. ‘मराठी गाणी’ असे खोक्यावर लिहिले की आमच्या गल्लीचा अर्धा आवाज बाहेर राहतो. साखर पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कुटुंब पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. त्या घरातील अक्का दिवसभर दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत, आणि रात्री त्यांचा रेडिओ हैदराबाद केंद्रावर लागलेला असे. पलीकडच्या गल्लीत कोणी गुलबर्ग्याची कन्नड गाणी लावी. यंत्रमागाच्या कारखान्यांवरून जाताना खटखटीच्या वरताण जो आवाज येई, तोही बहुधा तेलुगूच. त्यामुळे 1957 सालच्या ‘मायाबझार’ मधील घंटसाला आणि पी. लीला यांचे ‘लाहिरी लाहिरी’ हे गाणे, एकाही शब्दाचा नीट अर्थ न कळता, मला मराठी गाण्यांइतकेच पाठ आहे. अक्कांच्या नातवाने ते व त्या काळातील आणखी काही गाणी पेन ड्राइव्हवर भरून दिली. पेन ड्राइव्हची सोय उत्तम चालते, फक्त गाणी फोल्डरमध्ये न ठेवता मोकळी ठेवावी लागतात, नाहीतर डबा त्यांचा क्रम उलटसुलट करतो. अक्का आता थकल्या आहेत, त्यांच्या बोटांना विडी वळवत नाही. पण ते गाणे आमच्याकडे लागले की त्या भिंतीवर थाप मारतात, आणि त्याचा अर्थ आवाज वाढवा असा असतो.

डबा जुन्या गाण्यांचा असला तरी ब्लूटूथमुळे घरातील प्रत्येकाचे सध्याचे गाणेही त्यातूनच वाजते. पत्नीला ‘महाराष्ट्र शाहीर’ (2023) मधील अजय-अतुल यांचे ‘बहरला हा मधुमास’ अजूनही पुरेसे झालेले नाही. मुलगी 2016 सालच्या ‘सैराट’ची गाणी लावते, आणि ती लावताना हा चित्रपट करणारे नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरचे, याची आठवण पुण्यातील मैत्रिणींना फोनवरून करून देते. राहता राहिले संजू राठोड यांचे 2024 सालचे ‘गुलाबी साडी’. ते मला आवडत नाही. एकच ओळ इतक्या वेळा का म्हणावी, हे मला उमगलेले नाही. परंतु पुतणीच्या हळदीला अक्कलकोट रोडवरील मंगल कार्यालयात ते वाजले तेव्हा माझे धाकटे भाऊ, जे टॉवेलच्या कारखान्यातील हिशेबाखेरीज कशावरही चार शब्द बोलत नाहीत, ते पिवळ्या अंगाने, दोन्ही हात वर करून मध्यभागी नाचले. ते गाणे आता डब्यावर लागले की मी पुढे सरकवत नाही. वीस वर्षांनी कदाचित माझी निवडलेली भावगीते विरून जातील, आणि त्या हळदीचा मांडव या न आवडलेल्या गाण्यासह तसाच राहील.

डब्याचा आणखी एक गुण कोणत्याही जाहिरातीत नाही. एका कळीवरील गाण्यांचा क्रम ठरलेला असल्याने काही महिन्यांत तो आपल्याला पाठ होतो. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या, कळीवर एक गाणे संपता संपता पुढचे मनात आधीच सुरू झालेले असते. कॅसेटच्या काळात हे घडत असे, मोबाईलवर घडत नाही. त्या दोन गाण्यांमधील क्षणभराच्या शांततेत आई हमखास पुढचा षड्ज लावते, आणि तो बहुधा बरोबर असतो.

घ्यावा की घेऊ नये, याविषयी. ज्यांना ठरावीक गाणे ठरावीक क्षणी हवे असते, ज्यांची आवड शास्त्रीय संगीताची आहे, किंवा ज्यांना ढोलकीचा ठोका छातीत जाणवल्याखेरीज लावणी ऐकल्याचे समाधान मिळत नाही, त्यांनी साडेसहा हजारांच्या आसपासची ही रक्कम चांगल्या स्पीकरवर खर्च करावी. ज्यांच्या घरी मोबाईलच्या वाटेला न जाणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी जरूर घ्यावा, मात्र कळांवरील नावे त्यांना चष्म्याविना वाचता येतात का, हे दुकानातच पाहून घ्यावे. पैसे देण्यापूर्वी दुकानाच्या आतल्या बाजूस उभे राहून एफएम लावून पाहावे, दारात नव्हे. चार्जिंगची तार जुन्या पद्धतीच्या पिनेची असल्याने एक जादा तार तेव्हाच मागून घ्यावी, आणि पेन ड्राइव्ह शक्यतो लहान आकाराचा निवडावा, कारण मोठा बाहेर डोकावतो आणि केर काढताना झाडूचा धक्का त्यालाच बसतो.