पेम्फिगस : पल्स घ्यावी की रिट्युक्सिमॅब?

आईच्या तोंडात फोड आले तेव्हा चार महिने आम्ही 'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्सच देत राहिलो. मग पाठ सोलवटली. चादर अंगाला चिकटायची, सोडवायला गेलं की कातडी निघायची. वॉर्डातल्या सिस्टरनी केळीची पानं अंथरायला लावली, त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी झोपली. बायोप्सीत पेम्फिगस व्हल्गॅरिस निघाला. यात त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते. हा आजार संसर्गाने पसरत नाही. पेशंटचं ताट वेगळं काढू नका.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर पुढे काय, हा खरा प्रश्न असतो: पल्स, म्हणजे ठरावीक दिवसांनी सलाइनमधून दिलेला औषधाचा मोठा डोस, की रिट्युक्सिमॅब हे इंजेक्शन?

पल्सची पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८०च्या दशकात रूढ केली. दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस १०० मिग्रॅ डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइडच) सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिग्रॅ सायक्लोफॉस्फामाइड (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), आणि रोज सायक्लोफॉस्फामाइडचीच ५० मिग्रॅची गोळी. फोड पूर्ण गेल्यावरही नऊ पल्स, त्यानंतर नऊ महिने नुसती गोळी. दोन वर्षं सहज जातात. औषधं स्वस्त आहेत, पण दर महिन्याला तीन दिवस दवाखान्यात जातात. रोजंदारीवर असलेल्याला तेही परवडत नाही. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी कायमची बंद होऊ शकते, पुरुषांचीही प्रजननक्षमता जाऊ शकते, लघवीतून रक्त जाऊ शकतं. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. तेव्हा सायक्लोफॉस्फामाइड वगळून पल्स देतात.

रिट्युक्सिमॅब डेस्मोग्लीनवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी बनवण्याच्या मुळाशी असलेल्या बी पेशीच (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून टाकतं. १००० मिग्रॅचे दोन डोस, १५ दिवसांच्या अंतराने. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी, सगळी औषधं बंद असताना, रिट्युक्सिमॅब आणि काही महिनेच स्टेरॉइड घेतलेले ८९ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते. नुसत्या स्टेरॉइडवर ३४ टक्के. भारतीय कंपन्यांची औषधं आल्यापासून किंमत उतरली, तरी एकरकमी पैसा उभा करावाच लागतो. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला हिपॅटायटिस उसळून यकृत निकामी होऊ शकतं. लसी आधीच घ्या. डोसनंतर वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात.

पैसे जमत असतील आणि तपासण्या स्वच्छ असतील, तर मी रिट्युक्सिमॅबच म्हणेन, तरुण पेशंटसाठी तर नक्कीच. आम्ही तेच निवडलं. पण फरक पडायला काही आठवडे लागले, आणि तेवढ्यात 'लागू पडत नाही' म्हणून दुसरीकडे पळायचं मनात आलं होतं.

स्टेरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. आता जास्त धास्ती जंतुसंसर्गाची आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्टेरॉइडची: साखर, ठिसूळ हाडं. आजार उलटूही शकतो. आईचा दीड वर्षाने उलटला, तोंडातल्या एका फोडापासून. या खेपेला आठवड्याच्या आत दाखवलं, पुन्हा डोस दिला, पाठीपर्यंत गेलंच नाही.